घरशाळेचा आठवडा: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

घरशाळा म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणं. उदाहरणांसाठी एक घर धरलं आहे: मोठी मुलगी ११ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा, आजी घरात, आई नाहीतर बाबा यांपैकी एक जण कायम लॅपटॉपसमोर. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरशाळा म्हणजे शाळाच घरात भरवायची का? घंटा, तास, गणवेश वगैरे?

पहिल्या सोमवारी बहुतेक घरांत हेच होतं. फ्रिजवर रंगीत वेळापत्रक चिकटतं, आठ तास, मधली सुट्टी, कुणीतरी ताट-चमच्याची घंटाही वाजवतं. बुधवारी दुपारपर्यंत त्या कागदावर वाण्याची यादी लिहिलेली असते. कारण साधं आहे. शाळेचं वेळापत्रक शिक्षकांना वर्गावर्गांत फिरता यावं म्हणून आखलेलं असतं. घरात फिरणारं कुणी नाही. शिकवणारी एकच, तिचा कुकर लावलेला आणि तिची मीटिंग ११ वाजता.

म्हणून घड्याळ नको, क्रम ठरवा. ‘साडेनऊला गणित’ असं ठरलं की पावणेदहाला भांडण सुरू. ‘नाश्ता झाला की गणित’ ठरलं, तर नाश्ता कधीही होवो, गाडी रुळावरच असते.

२. हे कायद्यात बसतं का? घरी कुणी चौकशीला येईल का?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वयोगट ६ ते १४. त्याचं कलम १० सांगतं, की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा किंवा दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही. घरशाळेचं नावही त्यात नाही. परवानगीही नाही आणि बंदीही नाही. ‘पूर्ण कायदेशीर’ म्हणणाराही घाई करतो आणि ‘तुरुंगात टाकतील’ म्हणणाराही.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या वेळी शिक्षक दारावर येतात. त्यांना नोंद भरायची असते, तुमच्याशी वाद घालायचा नसतो. चहा विचारा आणि फाइल दाखवा (प्रश्न १०).

३. दिवसाला किती तास बसवायचं?

बसून करायचं काम म्हणाल तर ६-७ वर्षांना एक तास, ८-१० ला दीड ते दोन, ११-१३ ला अडीच ते तीन. हे सलग नव्हे. धाकट्याचा एक तुकडा २० ते २५ मिनिटांचा, मोठीचा ४० चा. ‘एवढंच?’ हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. शाळेच्या दिवसातून हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि बाकीच्या चाळीस जणांचं होईपर्यंत थांबणं वजा करा. उरतो तो आकडा याच्या फार पुढे जात नाही.

उलटी चूकही होते. मूल दोन तासांत मोकळं झालं म्हणून ‘अजून एक पान’ करता करता साडेचार वाजतात. मुलं हे फार लवकर ओळखतात: लवकर संपवलं तर जास्त मिळतं. मग तेच पान दोन तास पुरवलं जातं.

४. एक आख्खा आठवडा लिहून दाखवा ना.

रोजचा कणा एकच: नाश्त्यानंतर गणित, मग दहा मिनिटं अंगण नाहीतर गॅलरी, मग भाषा, आणि जेवणानंतर वीस मिनिटं मोठ्यानं वाचन. वाचताना ऐकणारा माणूस लागतो. आजी त्यासाठी उत्तम, कारण चुकीचा उच्चार त्यांना सहन होत नाही. या कण्यावर रोज एक वेगळी गोष्ट टांगायची.

सोमवारी गणिताचा नवा भाग आणि विजेच्या मीटरचं वाचन. सकाळी ८ वाजता आकडा वहीत लिहायचा. आदल्या सोमवारचा आकडा वजा केला की आठवड्याची युनिटं हातात येतात. एक युनिट म्हणजे १,००० वॉटचं उपकरण एक तास. २,००० वॉटचा गीझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट, आणि ९ वॉटचा दिवा दहा तास जळला तर ०.०९. दशांश अपूर्णांक पुस्तकातून महिनाभर डोक्यात शिरत नाहीत. ‘बाबांची आंघोळ सहा दिव्यांच्या एका रात्रीएवढी’ हे मोठी दहा मिनिटांत काढते आणि पुढचा महिनाभर बाबांना ऐकवते.

मंगळवारी शुद्धलेखन. धाकट्याला पाच ओळी, मोठीला दहा. चुका कितीही असोत, लाल खूण तीनच शब्दांना. सतरा खुणा असलेलं पान मूल बंद करून ठेवतं. तीन असतील तर बघतं.

बुधवारी बाजार. हातात २०० रुपये, यादी मुलांच्या अक्षरात. इथे भाव विचारण्यापेक्षा माप महत्त्वाचं: पाव किलो २५० ग्रॅम, अर्धा पाव १२५, दीडपाव ३७५. भेंडी ८० रुपये किलो असेल तर दीडपावाचे किती? भाजीवाल्या मावशी ‘तीस’ म्हणून मोकळ्या होतात. मोठीनं आधी पावाचे २०, मग अर्ध्या पावाचे १०, असं जोडत त्यांच्या आधी सांगायचं. पहिले चार बुधवार हरणारच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे कशासाठी होते, ते इथे कळतं. मग पाठ करायला भांडण कमी होतं. होतच नाही, असं नव्हे.

गुरुवारी प्रयोग (प्रश्न ७). शुक्रवारी नवीन काहीच नाही. आठवड्यातलं चुकलेलं पुन्हा करायचं आणि कागदांचा खोका आवरायचा (प्रश्न १०). शनिवारी घराबाहेर: वाचनालय, किल्ला, नदीचा घाट, मामाचं वर्कशॉप. रविवारी शाळा नाही. ‘थोडं वाचून घे’ हेही नाही.

५. सोमवारी सकाळी मूल बसतच नाही. पोट दुखतं, पेन्सिल सापडत नाही.

सोमवारचं पोट शाळेत जाणाऱ्यांचंही दुखतं. फरक इतकाच, की इथे दप्तर देऊन रिक्षात बसवता येत नाही. दोन गोष्टी करून पाहा. रविवारी रात्री टेबलावर सोमवारची वही उघडी, दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि खोडरबर ठेवून झोपायचं. पेन्सिल शोधण्यात जाणारी वीस मिनिटं आणि त्यातलं भांडण वाचतं. दुसरं, सोमवारचं पहिलं काम मुलाला नक्की येणारं असावं. मीटरवाचन सोमवारी ठेवलंय ते त्याचसाठी: उठून चालत जायचं, स्टुलावर चढायचं, आकडा ओरडून सांगायचा. बसायचं नंतर.

शाळा नुकतीच सोडली असेल तर मात्र पहिले काही आठवडे टेबलाचा आग्रहच धरू नका. वाचन, बाजार, स्वयंपाक एवढंच चालू द्या. शाळेचा शीण उतरायला वेळ लागतो, आणि तो पालकांचा जास्त लागतो.

६. धाकटा पंचवीसचे ५२ लिहितो आणि एकोणनव्वदला ९ पासून सुरुवात करतो. डॉक्टरांना दाखवू का?

आठव्या वर्षी नुसत्या एवढ्यासाठी नको. दोष बराचसा आपल्या भाषेचा आहे. मराठीत आधी एकक बोलतो आणि मग दशक: पंच-वीस. कान पाच आधी ऐकतो, हात पाच आधी लिहितो. मूल ऐकण्यात चोख आहे, असाच त्याचा अर्थ.

‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, एक कमी. एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी. पण कानावर ‘नव्वद’ पडतं आणि हात ९ कडे जातो. उपाय असा: आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे नऊ गठ्ठे रबरबँडनं बांधा. ‘नव्वद’ म्हणून नऊ गठ्ठे पुढ्यात ठेवा. आता ‘एक ऊन’ म्हणत एक काडी काढायची. ती सुटी नाहीच, म्हणून गठ्ठा सोडावा लागतो. उरतात आठ गठ्ठे आणि नऊ काड्या. रबरबँड सोडताना मूल स्वतःच ‘अरे, आठ!’ म्हणतं. हेच एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी यांचं करा. रोज दोन, जास्त नाही. नव्व्याण्णव फितूर आहे. तो ‘एकोणशंभर’ होत नाही, त्याला शेवटी घ्या. पंचवीसच्या उलटेपणावर उपाय आणखी सोपा: काही दिवस एककाच्या घरापासून, म्हणजे उजवीकडून लिहू द्या. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं की गोंधळ ओसरतो.

२०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणितात एकवीस हे ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. घरात दोन्ही वापरा. ‘वीस पाच, म्हणजेच पंचवीस’ असं म्हणत लिहिलं तर बिघडत काही नाही. बाजारात मात्र पंचवीसच कळलं पाहिजे. सहा महिने हे करूनही अक्षरं आणि अंक दोन्ही सतत उलटे येत असतील, वाचताना ओळ सुटत असेल, तर तज्ज्ञांकडे जरूर जा.

७. स्वयंपाकघरातले प्रयोग म्हणजे खरंच विज्ञान, की नुसता ओटा घाण?

दोन्ही. एक प्रयोग नीट केला तर महिनाभर पुरतो, म्हणून हळदीचा कागद सविस्तर देतो.

एक चहाचा चमचा हळद आणि तीन चमचे पाणी एकत्र करा. जाडसर पांढऱ्या कागदावर (ड्रॉइंगचा चालतो, वहीचा गळतो) ब्रशनं पातळ थर द्या. सावलीत वाळवा आणि दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. आता चार वाट्या: लिंबाचा रस, साधं पाणी, कपड्यांच्या साबणाच्या वडीचं पाणी, आणि पानाच्या चुन्याची वरची निवळी. चुन्याची वाटी मोठ्यांनीच हाताळायची. डोळ्यात गेला तर फार वाईट. पट्टी बुडवली की साबण आणि चुन्यात ती लालसर विटकरी होते, लिंबात आणि पाण्यात पिवळीच राहते. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. इथे आजी सांगतात, की हळदीचं कुंकू पूर्वी चुन्यानंच करत. तास तिथेच संपला तरी चालेल.

बिघडतं कुठे? पहिलं, हँडवॉश किंवा शॅम्पू घेतला तर अनेकदा काहीच होत नाही आणि मूल म्हणतं प्रयोग फसला. फसला नाही, त्यांतले बरेचसे साबणाच्या वडीसारखे आम्लारिधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचे) नसतात. बाटल्या आणून तपासा, हाच पुढच्या गुरुवारचा प्रयोग. दुसरं, खाण्याच्या सोड्यानं रंग फिकट बदलतो, कारण तो सौम्य आहे. तिसरं, हळद लिंबू आणि पाणी यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी लाल जास्वंद: चार-पाच फुलांच्या पाकळ्या अर्धी वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून गाळा. लिंबानं गडद गुलाबी, सोड्यानं हिरवट. चौथं, पांढरा टी-शर्ट. डाग साबणानं लाल झाला की ओरडू नका, तोही निष्कर्षात लिहा.

८. दोन मुलं, दोन इयत्ता, शिकवणारी मी एकटी.

भाषा आणि गणित वेगवेगळं. बाकी सगळं एकत्र. मीटर, बाजार, हळदीचा कागद दोघांना एकच. धाकटा रंग बघून चित्र काढतो, मोठी तक्ता करते. गणिताच्या वेळी एकाला नवं शिकवायचं असेल तर दुसऱ्याला सरावाचं द्या. दोघांना एकाच दिवशी नवा भाग दिलात तर भागाकार आणि हातचा एकाच वेळी अडतात आणि नेमका तेव्हाच दूधवाला पैसे मागायला येतो.

मोठीला धाकट्याची मास्तरीण करू नका. आठवड्यातून एकदा मजेनं ठीक. रोज झालं की दोघंही काम सोडतात आणि तक्रारी मात्र वाढतात.

९. आम्ही दोघंही नोकरी करतो. आजी म्हणतात, पोरं वाया चालली.

दोघंही बाहेर नोकरीला आणि घरात तिसरं मोठं माणूस नाही, तर ८ वर्षांच्या मुलाची घरशाळा जमत नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. एक जण घरून काम करत असेल तर जमतं, पण शिकवणं मीटिंगच्या मधल्या फटीत नको. सकाळी साडेसात ते साडेनऊ ठेवा, उरलेला दिवस वाचन, खेळ, घरकाम.

आजींचं म्हणाल, तर त्यांना पटवण्यापेक्षा काम द्या. वाचन ऐकणं, पाढे घेणं आणि बुधवारच्या हिशेबाची तपासणी. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ज्यांना अजून येतो अशा आजी असतील, तर त्यांचा तास पक्का समजा. महिनाभरात त्याच शेजारी सांगू लागतात की शाळेत काही शिकवत नाहीत. तेव्हाही त्यांना आवरावं लागतं.

१०. नोंदी कशा ठेवायच्या? रोज डायरी लिहिणं जमत नाही.

नकोच. एक बुटाचा खोका घ्या. आठवडाभरातले कागद, शुद्धलेखन, हळदीच्या पट्ट्या, बाजाराची यादी त्यात पडू द्या. शुक्रवारी पंधरा मिनिटांत प्रत्येक मुलाचे तीन कागद निवडायचे: एक चांगला, एक चुकलेला, एक मूल म्हणेल तो. मागे तारीख टाकून फाइलला लावा. मुलामागे वर्षाला साधारण दीडशे कागद होतात, दोन जाड फाइली. वाचलेल्या पुस्तकांची यादी शेवटच्या पानावर, नाव आणि तारीख एवढंच.

चुकलेला कागद का, असं विचारतात. सहा महिन्यांनी तो मुलापुढे ठेवला की मूल हसतं. ‘सुधारणा झाली’ हे सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही, सर्वेक्षणाच्या शिक्षकांनाही नाही.

११. पुस्तकं कोणती घ्यायची?

ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर राज्य मंडळाची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत आहेत. गणिताचं आणि भाषेचं मात्र छापील घ्या. कोणतंही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका. महागडा तयार संच वर्षाच्या सुरुवातीला घेऊ नका, जूनमध्ये आणलेला दिवाळीनंतर दिवाणात सापडतो.

१२. गणपती, पाहुणे, ताप… आठवडा बुडाला की काय करायचं?

बुडू द्या. भरून काढायला दुप्पट करू नका. दुसऱ्या आठवड्यात नेमकं तेच कारण आणखी एक आठवडा बुडवतं. गौरी-गणपतीत एकच धरायचं: वीस मिनिटं वाचन. बाकी एकवीस मोदकांना किती सारण, कुणाच्या वाट्याला किती, बाकी किती, हे होतच असतं. त्याला ‘शिक्षण’ म्हणून मोदक बेचव करू नका.

१३. शेजारची चार मुलंही येतात. फी घेऊन बसवलं तर?

इथे जपून. अभ्यासाला येणं, प्रयोगाला जमणं वेगळं. पण शाळेऐवजी नियमित मुलं भरवलीत तर ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते, आणि त्यावर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत आहे. पालकांना शिक्षा नाही (प्रश्न २), चालकाला आहे. गुरुवारचा प्रयोग सर्वांना खुला ठेवा. मुलांना मित्रही त्यातूनच मिळतात.

१४. दहावीचं काय?

मुख्य वाटा दोन. राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या, म्हणजे ज्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. आधीच्या शाळेचा दाखला त्यासाठी लागतो, म्हणून शाळा सोडताना तो मूळ प्रतीत घेऊन जपून ठेवा. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, त्यांत किमान एक भाषा, मराठीही घेता येते. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळे विषय सुटे सुटे देता येतात. कधीच शाळेत न गेलेल्यांना स्वयंघोषणेवर प्रवेश मिळतो. तारखा दर वर्षी संकेतस्थळावर बघूनच ठरवा, व्हॉट्सॲपच्या संदेशावर नाही. सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची असेल तर अडचण येते. तो अर्ज शाळेमार्फत भरला जातो.

१५. मध्येच पुन्हा शाळेत घालायचं झालं तर?

१४ वर्षांपर्यंत वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्याचं (प्रश्न २) कलम ४ देतं, आणि दाखला उशिरा मिळतोय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत हे बहुतेक सहज होतं. मुलाला अभ्यासाचा त्रास कमी होतो. चाळीस मिनिटं एका जागी बसणं आणि पाणी प्यायला विचारणं यांचा जास्त. शाळा सुरू होण्याआधी दोन आठवडे डबा वेळेवर खायची सवय लावा.

१६. आम्ही परदेशात आहोत. हाच आठवडा तिथे चालेल का?

देशावर अवलंबून. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरशाळा चालत नाही. तिथे हे सगळं शनिवार-रविवारच्या मराठीसाठी वापरा. इंग्लंडमध्ये चालते, मूल साध्या शाळेत असेल तर शाळेला लेखी कळवायचं. अमेरिकेत सर्व ५० राज्यांत चालते, पण नियम राज्यागणिक: न्यूयॉर्कला तिमाही अहवाल लागतात, टेक्ससला जवळजवळ काहीच नाही.

१७. लिफ्टमध्ये काका विचारतात, ‘आज शाळेला सुट्टी का रे?’ मुलानं काय सांगायचं?

‘मी घरी शिकतो, काका.’ एवढंच, हसून. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘बरं, मग सत्तावीस नव्वे किती?’ याची तयारी मात्र करून ठेवा. सत्तावीस दाहे सत्तर आणि दोनशे, त्यातून सत्तावीस गेले, दोनशे त्रेचाळीस. मूल ‘एक ऊन’ची युक्ती इथेही लावतं (प्रश्न ६), आणि काकांना ते बरोबर आहे का हे तपासायला त्यांचा मजला येईपर्यंत वेळ लागतो.